ग्रंथ, रुग्णशय्या आणि परीक्षा : मुंबईतील वैद्यकीय महाविद्यालयांतील ग्रंथालयवापराचा इतिहास (१८४५–२०२५)

बीजसंज्ञा : वैद्यकीय ग्रंथालये, ग्रँट मेडिकल कॉलेज, शेठ गोरधनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज, वैद्यकीय नियतकालिके, मराठीतील वैद्यकशिक्षण, मुक्त प्रवेश

प्रस्तावना

महाविद्यालयीन ग्रंथालयाचे मूल्यमापन करताना सामान्यतः ग्रंथसंख्या, नियतकालिकांची संख्या, वाचनकक्षातील आसने आणि वार्षिक तरतूद या बाबी मोजल्या जातात. तपासणीसाठी येणाऱ्या समित्यांनाही हीच माहिती सादर केली जाते. परंतु ग्रंथालयात काय आहे आणि त्याचा उपयोग कोण, कशासाठी करतो हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. वैद्यकीय महाविद्यालयाच्या बाबतीत हा फरक अधिक ठळकपणे जाणवतो, कारण तेथील अध्ययनाचे मुख्य स्थान ग्रंथालय नसून रुग्णालयातील कक्ष हे असते. ग्रंथ हा तेथे रुग्णाच्या शेजारी ठेवून तपासावयाचा पुरावा आहे. ही तुलना जेव्हा थांबते तेव्हा ग्रंथालय केवळ परीक्षेच्या तयारीची जागा बनते.

भायखळा ते परळ या पट्ट्यात पश्चिम भारतातील आधुनिक वैद्यकशिक्षणाचा पाया घातला गेला. भायखळ्याचे ग्रँट मेडिकल कॉलेज (१८४५), परळचे शेठ गोरधनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज व के.ई.एम. रुग्णालय (१९२६), त्याच परिसरातील हाफकिन संस्था आणि टाटा स्मारक रुग्णालय (१९४१) या संस्थांतून विद्यार्थ्यांच्या आणि शिक्षकांच्या अनेक पिढ्या घडल्या. या पिढ्यांनी छापील ज्ञानसाधनांचा वापर कसा केला, तो कोणत्या कारणांनी बदलला आणि त्या बदलांतून आजच्या अध्यापकांना काय बोध घेता येईल, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे. ग्रंथालयाचा वापर संग्रहाच्या आकारापेक्षा अभ्यासक्रम, परीक्षापद्धती आणि अध्यापकाचे स्वतःचे लेखन यांवर अधिक अवलंबून राहिला, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

आयात ग्रंथ आणि स्थानिक रोग : पहिली पिढी

मुंबईचे गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांनी वैद्यकीय शिक्षणसंस्थेच्या कल्पनेस चालना दिली. १८३८ मध्ये त्यांचे निधन झाल्यानंतर त्यांचे नाव नियोजित महाविद्यालयास देण्यात आले. १८४५ मध्ये सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या रुग्णालयाच्या शेजारी हे महाविद्यालय सुरू झाले. डॉ. चार्ल्स मोरहेड हे त्याचे पहिले प्राचार्य. पुस्तकी व्याख्यानांबरोबर रुग्णशय्येजवळील अध्यापनास त्यांनी आरंभापासून महत्त्व दिले.

१८५१ मध्ये पदवी मिळविणाऱ्या पहिल्या आठ विद्यार्थ्यांत भाऊ दाजी लाड, आत्माराम पांडुरंग तर्खडकर आणि अनंत चंद्रोबा दुकले यांचा समावेश होता. या पिढीसमोरील अडचण केवळ पुस्तकांच्या दुर्मीळतेची नव्हती. सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला होण्यापूर्वी इंग्लंडहून ग्रंथ येण्यास दीर्घ काळ लागत असे, हे खरे. परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, ते ग्रंथ ब्रिटनमधील रुग्णांच्या आधारे लिहिलेले होते. मुंबईच्या रुग्णालयातील ताप, अतिसार, यकृताचे विकार यांची लक्षणे ग्रंथातील वर्णनांशी जुळतीलच असे नव्हते. ही उणीव भरून काढण्याचा मार्ग मोरहेड यांनी स्वतःच्या लेखनातून दाखविला. मुंबईच्या रुग्णालयांतील नोंदींच्या आधारे भारतातील रोगांविषयीचा त्यांचा द्विखंडात्मक ग्रंथ १८५६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधीच, १८३५ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे मेडिकल अँड फिजिकल सोसायटीने आपल्या सभासदांचे निबंध खंडरूपाने प्रकाशित करण्यास आरंभ केला होता. म्हणजेच, ग्रंथालयात जे नाही ते येथील रुग्णांच्या निरीक्षणातून लिहून काढण्याची परंपरा मुंबईच्या वैद्यकशिक्षणाइतकीच जुनी आहे.

या परंपरेची दुसरी बाजू भाऊ दाजींच्या चरित्रात दिसते. टाउन हॉलमधील रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या ग्रंथसंग्रहाचा आणि नियतकालिकाचा त्यांनी पुरातत्त्वीय संशोधनासाठी भरपूर उपयोग केला. शिलालेख व नाणी यांवरील त्यांचे निबंध त्या नियतकालिकात छापले गेले आणि पुढील अभ्यासकांना उपलब्ध झाले. कुष्ठरोगावर वनस्पतिजन्य तेलाच्या साहाय्याने त्यांनी केलेल्या उपचारांचा तपशील मात्र त्यांनी आपल्या हयातीत पूर्णपणे प्रसिद्ध केला नाही. १८७४ मध्ये त्यांचे निधन झाले. एकाच विद्वानाच्या दोन क्षेत्रांतील कार्याची ही तुलना बोलकी आहे. जे छापले गेले त्यावर पुढे वाद झाला, दुरुस्त्या झाल्या आणि भर पडली. जे छापले गेले नाही त्याची चिकित्सा करण्याची संधी समकालीनांना मिळाली नाही.

हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांचे उदाहरणही येथे लक्षात घेण्यासारखे आहे. १८५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रे यांच्या शरीररचनाशास्त्राच्या ग्रंथातील आकृत्या कार्टर यांनी काढल्या होत्या. त्याच वर्षी ते मुंबईत आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचनाशास्त्र शिकवू लागले. जगभरच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांनी ज्या आकृत्यांवरून अभ्यास केला त्यांचा कर्ता मुंबईच्या विद्यार्थ्यांसमोर प्रत्यक्ष उभा होता. तथापि मुंबईत आल्यावर कार्टर यांनी केवळ त्या ग्रंथाचे अध्यापन केले नाही. पायास होणाऱ्या 'मायसेटोमा' या विकाराचा त्यांनी सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने अभ्यास केला, त्याचे कारण कवक असल्याचे प्रतिपादन केले आणि १८७४ मध्ये त्यावर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला.

मराठी वर्ग आणि मराठी वैद्यकीय ग्रंथ

ग्रंथालयाच्या वापराचा प्रश्न हा प्रथमतः भाषेचा प्रश्न असतो. ज्या भाषेत विद्यार्थी विचार करतो त्या भाषेत ग्रंथ नसतील, तर समृद्ध संग्रहही त्याच्यासाठी अर्धा बंदच राहतो. १८६० च्या दशकारंभी ग्रँट मेडिकल कॉलेजात मराठी व गुजराती भाषांतून वैद्यकशिक्षण देणारे वर्ग सुरू झाले. या वर्गांतून बाहेर पडणारे विद्यार्थी प्रामुख्याने मुफसलातील दवाखान्यांत काम करतील अशी अपेक्षा होती. त्यांच्यासाठी पाठ्यपुस्तके उपलब्ध नसल्याने ती लिहिणे हे अध्यापकांचेच काम ठरले.

या कामात डॉ. सखाराम अर्जुन राऊत (१८३९–१८८५) यांचे स्थान महत्त्वाचे आहे. ग्रँट मेडिकल कॉलेजातच शिकलेले सखाराम अर्जुन मराठी वर्गास शिकवीत असत. 'वैद्यतत्त्व' आणि 'गर्भविद्या व प्रसूतिकरण' हे त्यांचे मराठी ग्रंथ एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या-आठव्या दशकांत प्रसिद्ध झाले. औषधी वनस्पती हा त्यांच्या विशेष अभ्यासाचा विषय होता. १८८३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या आठ संस्थापकांत आत्माराम पांडुरंग व सखाराम अर्जुन हे दोनच भारतीय होते. अध्यापन, ग्रंथलेखन आणि निरीक्षण या तिन्ही कृती त्यांच्या ठायी एकत्र आल्या होत्या.

पुढे हे देशी भाषांतील वर्ग पुणे व अहमदाबाद येथील वैद्यकीय शाळांकडे गेले. विद्यापीठीय पदवीचे शिक्षण इंग्रजीतूनच चालू राहिले. त्यामुळे मुंबईतील महाविद्यालयीन ग्रंथालयांचा संग्रह जवळजवळ संपूर्णपणे इंग्रजी झाला. यामुळे जागतिक ज्ञानाशी थेट संबंध जुळला, हा लाभ निर्विवाद आहे. पण गिरगाव वा लालबागच्या मराठी शाळेतून आलेल्या विद्यार्थ्यास पहिल्या वर्षी शरीररचनेबरोबर परभाषेशीही झुंज द्यावी लागली. अशा विद्यार्थ्याने संदर्भग्रंथ बाजूला ठेवून लहान मार्गदर्शक पुस्तकाचा आधार घेतला, तर त्याचे कारण केवळ आळस हे नव्हते. मध्य प्रदेश शासनाने २०२२ मध्ये पहिल्या वर्षाच्या वैद्यकीय अभ्यासक्रमाची हिंदी पाठ्यपुस्तके प्रकाशित केल्यावर हा प्रश्न पुन्हा चर्चेत आला. मुंबईने त्याचे एक उत्तर दीडशे वर्षांपूर्वी देऊन पाहिले होते, याचे स्मरण त्या चर्चेत क्वचितच झाले.

परळचे नवे केंद्र

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली. वॉल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातील अपुऱ्या जागेत प्लेगप्रतिबंधक लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःस टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये गेली. १९२५ मध्ये तिला हाफकिन यांचे नाव देण्यात आले. अशा रीतीने भायखळ्याबरोबर परळ हे वैद्यकीय संशोधनाचे दुसरे केंद्र बनले.

१९२६ मध्ये परळ येथे के.ई.एम. रुग्णालय व शेठ गोरधनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज सुरू झाले. शासकीय सेवेत नसलेल्या सुयोग्य भारतीय डॉक्टरांनाच येथे अध्यापक म्हणून नेमावे, अशी देणगीदारांच्या विश्वस्तांची अट होती. इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या अधिकाऱ्यांकडे प्राध्यापकपदे एकवटलेली असण्याच्या काळात ही अट राष्ट्रीय आकांक्षेची द्योतक होती. डॉ. जीवराज मेहता हे पहिले अधिष्ठाता झाले. तत्पूर्वी १९२१ मध्ये असहकार चळवळीच्या प्रेरणेने नॅशनल मेडिकल कॉलेज स्थापन झाले होते. तेच पुढे टोपीवाला नॅशनल मेडिकल कॉलेज म्हणून ओळखले जाऊ लागले.

या घटनांचा ग्रंथालयवापराशी निकटचा संबंध आहे. भारतीय अध्यापकांची विद्वत्ता आता पदाच्या अधिकारावर नव्हे, तर प्रकाशित कार्यावर सिद्ध व्हावयाची होती. त्यासाठी ताजी नियतकालिके वाचणे, आपल्या निरीक्षणांची त्यांच्याशी तुलना करणे आणि परदेशी नियतकालिकांत लिहिणे आवश्यक झाले. परळमध्ये हाफकिन, के.ई.एम. आणि पुढे टाटा स्मारक रुग्णालय या संस्था एकमेकींपासून पायी जाता येईल एवढ्या अंतरावर असल्याने एका संस्थेत न मिळणारा अंक शेजारच्या संस्थेत शोधणे शक्य होते.

या काळातील दोन उदाहरणे विशेष उल्लेखनीय आहेत. पहिले उदाहरण सर्पगंधेचे. या वनस्पतीच्या रक्तदाब कमी करण्याच्या गुणाविषयी गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांचा निबंध १९३१ मध्येच एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला होता. पाश्चात्त्य वैद्यकजगताचे त्याकडे लक्ष गेले नाही. के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ५० रुग्णांवरील आपले निष्कर्ष १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये प्रसिद्ध केले. त्यानंतर बॉस्टन येथील रॉबर्ट विल्किन्स यांनी या औषधाच्या चाचण्या घेतल्या आणि ते जगभर वापरात आले. १९५७ मध्ये वकील यांना लास्कर पुरस्कार मिळाला. एकच ज्ञान अठरा वर्षे एका नियतकालिकात दुर्लक्षित राहते आणि दुसऱ्या नियतकालिकात येताच मान्यता पावते, यातून ग्रंथालयांच्या जागतिक श्रेणीव्यवस्थेची कल्पना येते. जे नियतकालिक मोठ्या ग्रंथालयांत पोहोचत नव्हते, त्यातील मजकूर जगासाठी अस्तित्वातच नव्हता.

दुसरे उदाहरण 'बॉम्बे' रक्तगटाचे. शेठ गोरधनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजातील डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांना काही व्यक्तींचे रक्त ज्ञात गटांत बसत नसल्याचे आढळले. लंडनमधील संशोधकांच्या सहकार्याने त्यांनी हा शोध १९५२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केला. येथे ग्रंथाची भूमिका वेगळी आहे. प्रस्थापित ज्ञान नेमके कोठवर पोहोचले आहे हे माहीत असल्याशिवाय समोरचे निरीक्षण अपवादात्मक आहे हे ओळखता येत नाही. नियमित वाचन नसते, तर ते नमुने तपासणीतील चूक समजून बाजूला टाकले गेले असते.

वाचक ते संपादक

१९५५ मध्ये शेठ गोरधनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज व के.ई.एम. रुग्णालय यांच्या स्टाफ सोसायटीने 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' हे नियतकालिक सुरू केले. महाविद्यालयाच्या अध्यापकांनी चालविलेल्या या नियतकालिकामुळे पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या कामास प्रकाशनाचे दार जवळच उघडले. परीक्षण, संपादन, मुद्रितशोधन ही कामे करताना अध्यापकांचेही वाचन अधिक काटेकोर झाले. नियतकालिकांची परस्पर देवाणघेवाण ही त्या काळातील विद्वत्संस्थांची प्रचलित पद्धत होती. परकीय चलनाच्या टंचाईच्या काळात स्वतःचे नियतकालिक असणे याचा व्यावहारिक लाभही त्यामुळे संभवत असे.

ही टंचाई किती तीव्र होती हे एका साध्या हिशेबावरून समजेल. जून १९६६ मधील अवमूल्यनाने डॉलरचा दर ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपये झाला. वीस डॉलर वर्गणीच्या नियतकालिकासाठी आदल्या दिवशी सुमारे ९५ रुपये लागत होते; दुसऱ्या दिवशी १५० रुपये लागू लागले. ग्रंथालयाची तरतूद मात्र एका रात्रीत वाढत नसते. जुलै १९९१ मधील अवमूल्यनानंतर हाच अनुभव पुन्हा आला. अशा प्रत्येक प्रसंगी ग्रंथपालास व विभागप्रमुखांना कोणते नियतकालिक ठेवावे आणि कोणते बंद करावे याचा निर्णय घ्यावा लागतो. एकदा खंडित झालेली मालिका नंतर पूर्ण करणे कठीण जाते आणि बांधीव खंडांच्या रांगेत राहिलेली ती पोकळी पुढील पिढ्यांच्या संशोधकांना अडसर ठरते.

शोधाच्या साधनांतही मोठे बदल झाले. १८७९ मध्ये जॉन शॉ बिलिंग्ज यांनी अमेरिकेत सुरू केलेली 'इंडेक्स मेडिकस' ही सूची प्रबंध लिहिणाऱ्या निवासी डॉक्टरांचे प्रमुख साधन होती. विषयाचा शीर्षशब्द ठरविणे, वर्षानुवर्षांचे जाड खंड चाळणे, संदर्भ कार्डांवर उतरविणे, अंक ग्रंथालयात आहे का ते पाहणे आणि नसल्यास लेखकास टपालपत्र पाठवून लेखाची प्रत मागविणे, असा हा क्रम असे. उत्तर येण्यास आठवडे लागत. ही पद्धत संथ होती. पण शोध घेताना आजूबाजूच्या विषयांवर नजर पडे आणि कोणता संदर्भ मागवावा याचा विचार आधी करावा लागे. १९८६ मध्ये दिल्लीत भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद व राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र यांचे संयुक्त केंद्र सुरू झाल्यावर संगणकीय शोधाची सोय झाली. १९९७ मध्ये 'पबमेड' सर्वांसाठी विनामूल्य खुले झाले. सूची हाती आली, परंतु पूर्ण लेख वाचण्यासाठी वर्गणीची भिंत कायम होती.

ती भिंत अंशतः हटविण्याचे श्रेयही मुंबईकडे जाते. बालरोगतज्ज्ञ डॉ. डी. के. साहू यांनी मुंबईत 'मेडनो' ही प्रकाशनसंस्था स्थापन केली. 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' आणि त्यामागून अनेक भारतीय वैद्यकीय नियतकालिके तिच्याद्वारे आंतरजालावर विनामूल्य उपलब्ध झाली. खुल्या उपलब्धतेनंतर परळच्या या नियतकालिकातील लेखांची उद्धरणे वाढल्याचे त्याच्याशी संबंधित अभ्यासकांनी दाखवून दिले. १९३१ चा सर्पगंधेवरील निबंध ज्या कारणाने अज्ञात राहिला, ते कारण दूर करण्याचा हा यशस्वी प्रयत्न होता. २०११ मध्ये 'मेडनो' वॉल्टर्स क्लुवर या बहुराष्ट्रीय प्रकाशनसमूहाने विकत घेतली.

विद्यार्थ्यांचे ग्रंथालय

आतापर्यंतचे विवेचन प्रामुख्याने अध्यापक व पदव्युत्तर विद्यार्थी यांच्याविषयी आहे. पदवीपूर्व विद्यार्थ्याचे ग्रंथालय वेगळे असते. त्याला नियतकालिकापेक्षा क्रमिक पुस्तक हवे असते आणि क्रमिक पुस्तकापेक्षाही बसण्यासाठी शांत जागा हवी असते. गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांतील चाळींत एका खोलीत संपूर्ण कुटुंब राहत असताना घरी रात्री अभ्यास करणे दुष्कर होते. सार्वजनिक ग्रंथालये व अभ्यासिका यांनी येथील विद्यार्थ्यांची मोठी सोय केली. १८९८ मध्ये स्थापन झालेले मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय हे त्यांतील अग्रगण्य नाव. वैद्यकीय महाविद्यालयाच्या वाचनकक्षाचेही हेच सामाजिक कार्य होते. तेथे बसलेला विद्यार्थी बहुधा स्वतःचेच पुस्तक वाचत असतो. देवघेव विभागाच्या नोंदवहीत त्याची नोंद होत नाही; म्हणून त्याचा वापर कमी महत्त्वाचा ठरत नाही.

पुस्तकांच्या किमती हा दुसरा प्रश्न. ब्रिटिश सरकारच्या साहाय्याने चालणाऱ्या इंग्लिश लँग्वेज बुक सोसायटीच्या स्वस्त आवृत्त्यांनी भारतीय वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांना आधार दिला. ही योजना १९९७ मध्ये संपुष्टात आली. दरम्यान भारतीय लेखकांची पाठ्यपुस्तके पुढे आली. सर्पगंधेवरील संशोधन करणाऱ्या डॉ. वकील यांनीच असोसिएशन ऑफ फिजिशियन्स ऑफ इंडियाच्या वैद्यकशास्त्रावरील पाठ्यग्रंथाच्या १९६९ मधील पहिल्या आवृत्तीचे संपादन केले. मोरहेड यांच्यापासून सुरू झालेला येथील रोगांचे येथे लिहिलेले वर्णन हा धागा अशा रीतीने विद्यार्थ्याच्या टेबलापर्यंत आला.

अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झालेली ग्रंथपेढी योजना या संदर्भात महत्त्वाची आहे. वैद्यकीय अभ्यासक्रमाच्या महागड्या पुस्तकांचा संच विद्यार्थ्यांना वाटून वापरण्यासाठी देण्याची ही व्यवस्था होती. ज्याच्या घरात यापूर्वी वैद्यकाचे पुस्तक आले नव्हते, अशा विद्यार्थ्यास वर्षभर पुस्तक स्वतःजवळ ठेवता येणे ही साधी गोष्ट नव्हे. ग्रंथालयाने समतेच्या दिशेने टाकलेले हे पाऊल ग्रंथसंख्येच्या तक्त्यात दिसत नाही.

नियम, परीक्षा आणि वाचन

भारतीय वैद्यक परिषदेने महाविद्यालयांसाठी किमान ग्रंथसंख्या व नियतकालिकांची संख्या ठरवून दिली. यामुळे दुर्लक्षित ग्रंथालयांना किमान तरतूद मिळाली. परंतु संख्येची अट पूर्ण करणे हे उद्दिष्ट झाले की खरेदी वाचकासाठी न होता तपासणीसाठी होऊ लागते. अध्यापकांच्या बाबतीतही असाच अनुभव आला. सप्टेंबर २०१५ मध्ये परिषदेने पदोन्नतीसाठी सूचीबद्ध नियतकालिकांतील संशोधनलेखांची अट स्पष्ट केली आणि केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात निघणारी नियतकालिके त्यातून वगळली. या निर्णयावर वैद्यकीय संपादकांनी टीका केली. २०२० मध्ये या नियमांत बदल झाले आणि त्याच वर्षी परिषदेची जागा राष्ट्रीय वैद्यक आयोगाने घेतली. लेखांची संख्या मोजली जाऊ लागल्यावर शुल्क घेऊन काहीही छापणाऱ्या बनावट नियतकालिकांचा बाजार वाढला. १९५० च्या दशकातील परळच्या अध्यापकास लिहिण्याची प्रेरणा निरीक्षणातून मिळत होती; आजच्या अध्यापकास ती अनेकदा सेवानियमांतून मिळते. दोन्ही प्रेरणांतून ग्रंथालयाचा वापर होतो, पण तो वापर एकाच प्रतीचा असत नाही.

विद्यार्थ्यांच्या वाचनावर सर्वांत मोठा प्रभाव परीक्षेचा पडतो. पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा बहुपर्यायी प्रश्नांवर आधारलेली असल्याने अंतर्वासितेतील विद्यार्थी प्रश्नसंच व ध्वनिचित्रव्याख्याने यांकडे वळतात. रुग्णालयातील कक्षात पाहिलेल्या रुग्णाविषयी त्याच रात्री ग्रंथात वाचणे ही सवय त्यामुळे मागे पडते. २०१९ मध्ये लागू झालेल्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमात स्वयं-अध्ययनासाठी स्वतंत्र तास राखले आहेत. हे तास ग्रंथालयात आणि अध्यापकाच्या मार्गदर्शनाखाली घालविले जावेत, ही जबाबदारी विभागांची व ग्रंथपालांची संयुक्त आहे.

उपलब्धतेच्या बाजूने १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेली 'एक राष्ट्र, एक वर्गणी' ही योजना महत्त्वाची आहे. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांच्या तरतुदीतून ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके केंद्र व राज्य शासनांच्या व्यवस्थापनाखालील उच्च शिक्षणसंस्थांस आणि केंद्राच्या संशोधनसंस्थांस उपलब्ध करून देण्याची तिची योजना आहे. १९६६ च्या ग्रंथपालास ही गोष्ट अकल्पनीय वाटली असती. मात्र मुंबईतील वैद्यकशिक्षणाचा मोठा भाग महानगरपालिका चालविते. शासनाच्या, महापालिकेच्या आणि खाजगी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांस समान वाचनसंधी मिळावी, हा ग्रंथपेढीमागील विचार डिजिटल साधनांनाही लागू करणे अगत्याचे आहे.

समारोप

वरील आढाव्यातून तीन निष्कर्ष निघतात. पहिला, मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयांत ग्रंथालयाचा सर्वांत फलदायी वापर त्या अध्यापकांनी केला, ज्यांनी ग्रंथ आणि रुग्ण यांतील तफावत टिपली व ती लिहून ठेवली. मोरहेड, कार्टर, सखाराम अर्जुन, वकील आणि भेंडे यांची साधने भिन्न होती. पद्धत एकच होती. दुसरा, विद्यार्थ्यांचा ग्रंथालयवापर त्यांच्या घरची जागा, भाषा, पुस्तकांची किंमत आणि परीक्षेचे स्वरूप यांनी घडविला. या चार बाबींकडे दुर्लक्ष करून विद्यार्थी वाचत नाहीत अशी तक्रार करणे अन्यायाचे ठरेल. तिसरा, उपलब्धता वाढल्याने वापर आपोआप वाढत नाही. सूची नव्हती तेव्हा सूची हवी होती, सूची आली तेव्हा लेख हवा होता. लेख मिळू लागला तेव्हा वाचण्याचे कारण देणारा शिक्षक हवा आहे.

म्हणून ग्रंथालयविषयक वार्षिक अहवालात ग्रंथसंख्येबरोबर काही वेगळ्या नोंदी ठेवणे उपयुक्त ठरेल : किती विभागांनी नियतकालिक-वाचनसभा नियमित घेतल्या, किती प्रबंधांच्या संदर्भशोधात ग्रंथपालाचे साहाय्य घेतले गेले, पहिल्या वर्षाच्या किती विद्यार्थ्यांना सूची वापरण्याचे प्रत्यक्ष शिक्षण मिळाले आणि वाचनकक्ष रात्री किती वाजेपर्यंत उघडा राहिला. या नोंदींना विशेष खर्च लागत नाही. भायखळ्यापासून परळपर्यंतच्या पावणेदोनशे वर्षांच्या अनुभवाने त्यांचे महत्त्व सिद्ध केलेले आहे.